थापी का पुसली? वर्गात गोष्ट लिहायला शिकवताना

पहिल्याच तासाला मुलांना गोष्ट लिहायला सांगू नका. सुरुवातीची तीन-चार वर्षं मी तेच करत होते. फळ्यावर 'कथालेखन' लिहायचं, खाली रेघ ओढायची, 'चला, मनाने एक छान गोष्ट लिहा' म्हणायचं आणि खुर्चीत बसायचं. पस्तीस मिनिटांनी वह्या गोळा केल्या की हातात काय यायचं? आटपाट नगर, गरीब पण प्रामाणिक शेतकरी, त्याची दोन मुलं, एक आळशी आणि एक कष्टाळू, आणि शेवटी 'तात्पर्य: कष्टाचे फळ गोड असते'. जरा धीट मुलं असली तर गोष्टीत राक्षस यायचा, नाहीतर एलियन. मग 'तेवढ्यात आईने हाक मारली आणि मला जाग आली.' मुंबईतल्या करी रोड, लोअर परळ, वरळी इथली ही मुलं. यातल्या बहुतेकांनी नांगर पुस्तकातल्या चित्रातच पाहिलेला. पण शेतकऱ्याची गोष्ट बाईंना आवडते, हे त्यांना दुसरीपासून पाठ असतं.

यात मुलांचा दोष नाही. आपणच त्यांना मुद्दे देतो: लाकूडतोड्या, नदी, कुऱ्हाड पाण्यात पडणे, देवी प्रसन्न होणे. मधल्या जागा भरा, शीर्षक द्या, तात्पर्य लिहा. नववी-दहावीच्या मराठीत उपयोजित लेखनात कथालेखन आहे, त्यामुळे हे शिकवावंच लागतं आणि मीही शिकवते. मात्र मुलाने स्वतःची गोष्ट लिहावी असं वाटत असेल, तर आपल्याकडे मुद्दे नकोत, प्रश्न हवेत. कुठला प्रश्न, कुठल्या दिवशी, कुणाला विचारायचा हे कळायला मला फार वर्षं लागली. तेच इथे सांगते आहे.

आठवडाभर एकच वाक्य

पहिला आठवडा फक्त एका वाक्याचा. आज शाळेत येईपर्यंत जे जे पाहिलं, त्यातलं एक काहीतरी एका वाक्यात लिहायचं. अट अशी की ते शेजारच्या बाकावरच्याने पाहिलेलं नसावं. सुंदर, छान, भयानक, विचित्र हे शब्द चालणार नाहीत. डोळ्यांना दिसलं, कानांनी ऐकलं, नाकाला कळलं तेवढंच लिहायचं. यासाठी पाठकोरे कागद वापरा. नव्या शंभर पानी वहीत मूल जपून, सुवाच्य अक्षरात, दुसऱ्याचं लिहितं. पाठकोऱ्या कागदावर हात सैल होतो.

पहिल्या दिवशी 'रस्त्यावर खूप गर्दी होती' असंच येतं. येऊ द्या. त्या मुलाला एवढंच विचारा: गर्दीतल्या एका कुणाच्या हातात काय होतं? दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून वाक्यं बदलायला लागतात. माझ्या कपाटात अशा कागदांचा एक गठ्ठा आहे. त्यातली ही काही:

'इडलीवाल्या अण्णाने भोंगा वाजवला आणि दुसऱ्या मजल्यावरून दोरीला बांधलेला डबा खाली आला.'

'मिरची गल्लीतून जाताना आई एका हाताने नाक धरते आणि दुसऱ्या हाताने मला.'

'करी रोडच्या पुलावर एक आजोबा दर दहा पायऱ्यांना थांबून पिशवीचा हात बदलत होते.'

आणि नववीतल्या, शेवटून दुसऱ्या बाकावरच्या एका मुलाचं हे वाक्य: 'नाक्यावर एका माणसाने पिशवीतून थापी काढली, रुमालाने पुसली आणि परत ठेवली.' (थापी म्हणजे गवंड्याचं सिमेंट थापायचं हत्यार.)

मी विचारलं, "थापी ओली होती का?"

"नाही बाई. कोरडी होती. स्वच्छच होती."

"मग पुसली का?"

वर्ग गप्प. आमची शाळा रुळांना लागून आहे. फास्ट लोकल गेली की अर्धा मिनिट काही ऐकू येत नाही, म्हणून आम्ही सगळेच बोलता बोलता थांबतो. तशी एक लोकल गेली. तरी कुणी बोलेना. मी उत्तर सुचवलं नाही. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात 'थापी का पुसली?' एवढं लिहिलं आणि शिपाईमामांना सांगितलं, तेवढं पुसू नका.

हा मुलगा दुपारच्या शाळेचा, म्हणजे त्याने त्या माणसाला बाराच्या सुमाराला पाहिलं होतं. नाक्यावर गवंडी, बिगारी, रंगारी सकाळी येऊन उभे राहतात, मुकादम येतात, माणसं घेऊन जातात, आणि दहापर्यंत नाका रिकामा होतो. बारापर्यंत जो उभा आहे त्याला आज काम मिळालेलं नाही. हे मला त्या मुलानेच सांगितलं. मी त्या नाक्यावरून इतकी वर्षं जाते, पण मला ते ठाऊक नव्हतं. वर्गात गोष्ट शिकवताना असे क्षण येतात. तेव्हा 'मला माहीत नव्हतं, अजून सांग' हे मोकळेपणाने म्हणा. जे मला माहीत आहे ते बाईंना माहीत नाही, हे कळलं की मूल आपल्याला खूश करण्यासाठी लिहिणं थांबवतं.

आजच का?

एक वाक्य हातात आलं की फळ्यावर तीन प्रश्न लिहा. याला काय हवंय? आजच का हवंय? मधे काय आडवं येतंय? पहिला आणि तिसरा प्रश्न मुलं पटकन सोडवतात. अडतात ती दुसऱ्यापाशी, आणि गोष्ट तिथेच असते.

थापीवाल्या मुलाने लिहिलं, 'त्याला काम हवंय.' बरोबर आहे, पण नाक्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकालाच काम हवं असतं. मी विचारलं, "काल नाही मिळालं तर त्याने चालवून घेतलं. आज का चालणार नाही?" त्याने तीन दिवस घेतले. चौथ्या दिवशी कागदावर होतं: मुलीच्या शाळेची सहल, ३५० रुपये, आज शेवटची तारीख.

बघा, या एका ओळीने काय काय झालं. गोष्टीत आणखी एक माणूस आला, वेळेची मर्यादा आली, आणि रक्कम आली. रक्कम नेहमी आकड्यात लिहायला सांगा. 'पैशांची गरज होती' हे वाचून कुणालाच काही वाटत नाही. '३५० रुपये' म्हटलं की वर्गातला प्रत्येक जण मनात हिशेब करतो.

मी इतिहासही शिकवते, म्हणून आणखी एक उदाहरण देते. आमच्याकडे अजूनही बऱ्याच मुलांचे आजोबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपावर लिही म्हटलं की मूल लिहितं, 'संप झाला, गिरण्या बंद पडल्या, कामगारांचे हाल झाले.' इतिहासाच्या पेपरात हे उत्तर होईल. मराठीच्या तासाला मी म्हणते, घरी जाऊन आजोबांना एकच विचार: त्या सकाळी आजीने डबा भरला होता का? एक मुलगी उत्तर घेऊन आली: 'भरला होता. आजोबा डबा घेऊन बाहेर गेले आणि संध्याकाळी भरलेलाच डबा घेऊन आले. आजीने तो न उघडताच ओळखला, कारण जड होता.' तिने हे लिहिल्यावर मला शिकवायला काही उरलं नाही. तिला एवढंच सांगितलं, इथून सुरुवात कर.

तीन गोष्टींना बंदी, आणि एक चूक

पहिल्या गोष्टीपुरत्या मी तीन गोष्टींवर बंदी घालते. स्वप्न नाही, तात्पर्य नाही, मरण नाही.

स्वप्नाचं कारण उघड आहे. अडचण सोडवायची वेळ आली की जाग येते आणि अडचण तशीच राहते. तात्पर्याबद्दल मुलं वाद घालतात, कारण त्यांना ते गेल्या अनेक परीक्षांत लिहायला लावलेलं असतं. मी त्यांना कीर्तनाचं सांगते. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण होतं आणि उत्तररंगात आख्यान. बुवा उपदेश काय तो आधी सांगून घेतात, मग आख्यान रंगवतात. तुमचा उपदेश तुम्ही मनातल्या मनात आधीच सांगून टाका आणि कागदावर फक्त आख्यान येऊ द्या. परीक्षेत तात्पर्य लागेल तेव्हा शेवटी एक ओळ जोडता येते, त्याला दोन मिनिटं पुरतात.

मरणाची बंदी मी घातली, कारण मुलं पात्राला हवं ते देण्यापेक्षा त्याला ट्रकखाली घालणं पसंत करतात. अपघात झाला, सगळे रडले, गोष्ट संपली. हा नियम चांगला आहे असं मला वाटत होतं. मग एका वर्षी आठवीतली एक मुलगी चार आठवडे काहीच लिहीना. मी तिला दोनदा सगळ्यांसमोर टोकलं. तिसऱ्यांदा तास संपल्यावर ती जवळ आली आणि म्हणाली, "बाई, मला दुसरं काही सुचतच नाही. तुम्ही नाही म्हणालात म्हणून लिहिलं नाही." दिवाळीच्या सुट्टीत तिचे वडील गेले होते. वर्गशिक्षिकेला माहीत होतं, मला नव्हतं.

तेव्हापासून बंदी सांगताना मी लगेच पुढचं वाक्य सांगते: ज्याला हेच लिहायचंय, दुसरं काही लिहिताच येत नाहीये, त्याने मला येऊन काही सांगायची गरज नाही, सरळ लिहावं. त्या मुलीने नंतर लिहिलं ते वडिलांच्या मरणाबद्दल नव्हतंच. वडिलांच्या मोबाइलचा पासवर्ड घरात कुणाला माहीत नाही आणि रोज सकाळी सहाला त्यात गजर वाजतो, अशी गोष्ट होती. मी तिला एकही दुरुस्ती सांगितली नाही.

यातूनच एक नियम निघाला आणि तो मी सगळ्यांत महत्त्वाचा मानते. 'ही खरी गोष्ट आहे का?' असं मुलाला कधीही विचारायचं नाही. वर्गात तर नाहीच, एकट्यातही नाही. थापीवाल्या मुलाचे वडील काय करतात हे मी आजही विचारलेलं नाही. 'तो' आणि 'ती' लिहिण्यात मुलाला जो आडोसा मिळतो, त्या आडोशामुळेच ते खरं लिहितं. आपण विचारलं की आडोसा गेला. तसंच, मुलाची परवानगी घेतल्याशिवाय त्याचा कागद दुसऱ्याला वाचून दाखवू नका, स्टाफरूममध्येसुद्धा. (या लेखातल्या मुलांना मी विचारलं आहे.) अपवाद एकच: गोष्टीत मूल धोक्यात असल्याची खूण दिसली, कुणी मारतंय, कुणी नको तसा हात लावतंय, तर ती गोष्ट म्हणून तपासू नका. मुलाशी शांतपणे बोला, समुपदेशक असतील तर त्यांना आणि मुख्याध्यापकांना सांगा, आणि १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर प्रत्येक मराठी शिक्षकाला पाठ असू द्या.

खोलीचा नकाशा

मुलांच्या गोष्टींना जागाच नसते. 'एक घर होते' आणि पुढच्या ओळीला भांडण. म्हणून एक पूर्ण तास मी नकाशाला देते. ओळखीची एक खोली वरून पाहिल्यासारखी काढायची: दार, मोरी, ओटा, कपाट, देव्हारा, टीव्ही. मग रात्री कोण कुठे झोपतं ते त्यात लिहायचं. डोकं कुणीकडे आणि पाय कुणीकडे, तेही.

बीडीडी चाळीतली (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या जुन्या चाळी) खोली १६० चौरस फुटांची, तीत कधी सहा माणसं, कधी सात. नकाशा झाला की विचारा: रात्री दोन वाजता यातल्या एकाला पाणी प्यायचंय. कुणाला ओलांडावं लागेल? कोण जागं होईल? कोण जागं असूनही डोळे मिटून पडून राहील? शेवटच्या प्रश्नावर मुलं एकमेकांकडे बघतात आणि लिहायला लागतात. त्या तासाला मला कुणाला गप्प बसवावं लागत नाही.

आता चाळींचा पुनर्विकास चालू आहे. काही मुलं संक्रमण शिबिरात आहेत, काहींना ५०० चौरस फुटांचं नवं घर मिळालं. अशा एका मुलीने नव्या घराचा नकाशा काढला. आजीची वेगळी खोली होती, पण आजीचं नाव दाराजवळ लिहिलेलं.

"आजी इथे का झोपते?"

"तिला आत झोप येत नाही बाई. म्हणते, बाहेरून कुणी चालत गेल्याचा आवाजच येत नाही."

चाळीत रात्रभर दारासमोरून कुणी ना कुणी जात असतं. आजीला त्या पावलांची सवय. मुलीला वाटत होतं की ती मला खोलीची माहिती देते आहे. तिच्या हातात गोष्ट आहे हे मला तिला सांगावं लागलं. मुलांच्या बाबतीत बहुतेक वेळा असंच होतं. त्यांच्याकडे गोष्ट नसते असं नाही, ती गोष्ट आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

कोण सांगतंय?

आता पुन्हा थापीकडे. त्या मुलाने पहिला खर्डा गोष्टीतल्या वडिलांच्या बाजूने लिहिला. तो माणूस नाक्यावर उभा राहतो, काम मिळत नाही, शेवटी एक मुकादम येतो, तो पैसे मिळवतो, घरी जातो. सगळं नीट लिहिलेलं, तरीही वाचून झाल्यावर मनात काही उरत नव्हतं. त्यालाही ते कळलं होतं. तो म्हणाला, "बाई, यात काहीच होत नाही."

अशा वेळी घटना वाढवायला सांगू नका, नाहीतर ट्रक आलाच म्हणून समजा. विचारा: यातलं कुणाला माहीत आहे आणि कुणाला माहीत नाही? तो म्हणाला, "मुलीला माहीत नाही. तिला वाटतं, पप्पा मोठ्या साइटवर कायमचे आहेत." मी म्हटलं, मग तिला सांगू दे गोष्ट.

दुसऱ्या खर्ड्यात मुलगी मैत्रिणीबरोबर एके दिवशी वेगळ्या रस्त्याने शाळेत जाते. बारा वाजता. नाक्यावर पप्पा उभे. ती मैत्रिणीला पलीकडच्या फूटपाथवर ओढते आणि 'इकडे सावली आहे' असं खोटंच सांगते.

निवेदक बदलला की तीच घटना बदलते, हे मुलांना व्याख्या सांगून कळत नाही, करून कळतं. त्यासाठी सोपा सराव म्हणजे चाळीतल्या नळावरचं भांडण. पाणी सकाळी ठरावीक वेळ येतं, एकीचा हंडा रांगेत पुढे सरकवला गेला. हेच तीन जणांनी आठ-आठ ओळींत सांगायचं: जिचा हंडा होता ती, जिने सरकवला ती, आणि वरच्या गॅलरीतून बघणारा मुलगा, ज्याला वरून आवाज येत नाही, फक्त हातवारे दिसतात. तिसरा नेहमी सर्वांत छान उतरतो. कमी माहीत असणं निवेदकाच्या फायद्याचं असतं.

'मी फाटके पुस्तक बोलतोय' या आत्मवृत्तांची सवय इथे आड येते. त्या वस्तूला सगळं माहीत असतं, तिची फक्त तक्रार असते आणि तिला आज काही मिळवायचं नसतं. निबंधाला ते ठीक आहे. गोष्टीच्या तासाला मी निर्जीव वस्तूंना बोलू देत नाही.

जेवलंस काय गो?

संवादाचं काम म्हणजे घरची भाषा वर्गात आणण्याचं काम. एका मुलीच्या गोष्टीत मालवणी आजी म्हणाली होती, 'बाळा, तू जेवण केलेस का?' मी विचारलं, "आजी अशी बोलते?" ती संकोचली. "नाही बाई. पण ते अशुद्ध आहे ना." मी म्हटलं, आजी बोलते तसं एकदा मोठ्याने म्हण. ती म्हणाली, "जेवलंस काय गो?" आणि मागच्या बाकावरची दोन मुलं एकदम म्हणाली, "आमची पण अशीच बोलते!" पुढच्या दहा मिनिटांत वर्गात मालवणी, साताऱ्याकडची, अहिराणी, बंजारा अशा किती भाषा आहेत ते मला पहिल्यांदा कळलं. हे मूल कुठून आलंय ते हजेरीपटावरून कळत नाही.

माझा नियम साधा आहे. निवेदन मुलाला हवं तसं, बहुधा प्रमाण भाषेत. अवतरणचिन्हांच्या आत ज्याची भाषा त्याची. रिक्षावाले भय्या हिंदीत बोलत असतील तर हिंदीत. कसं लिहायचं याबद्दल शंका आली की मोठ्याने म्हणा आणि ऐकू येईल तसं लिहा. हे अशुद्ध आहे असा शेरा अवतरणचिन्हांच्या आत कधीही देऊ नका. त्या एका शेऱ्याने मूल घरच्या माणसांना कागदावरून हाकलून देतं, आणि परत बोलावायला वर्ष जातं.

संवादासाठी मी वापरते तो सराव असा: दोन माणसं. एकाला दुसऱ्याकडे उसने पैसे मागायचेत. दहा ओळी लिहा, पण त्यात 'पैसे', 'उसने', 'मदत' हे शब्द येता कामा नयेत. पहिल्यांदा मुलं ओरडतात की हे होणारच नाही. मग कुणीतरी लिहितं: 'चहा घेणार का? नको, आत्ताच झाला. गॅस संपलाय का तुमच्याकडे? नाही हो, आहे अजून. परवा आणलाय. परवा आणलात होय.' माणसं हवं ते सरळ बोलत नाहीत, हे मुलांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. फक्त कागदावर ती सरळ बोलली पाहिजेत असा त्यांचा समज असतो.

यात आणखी एक भर घालता येते: बोलणं थांबतं तेव्हा हात काय करतात? कुणी टेबलावरचे तांदूळ वेचतं, कुणी साडीचा पदर पिळतं. हा तास चालू असताना पहिल्या बाकावरच्या एका मुलीने फळ्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "बाई, म्हणून पुसली असेल. हातांना काहीतरी काम पाहिजे ना." इतके दिवस तिथे राहिलेला प्रश्न मी त्या दिवशी तिलाच पुसायला सांगितला.

तपासणी, वेळ आणि कागद दुमडणं

पहिल्या खर्ड्यावर लाल पेन लावू नका. ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं, सगळं शेवटच्या प्रतीला. पहिल्या खर्ड्यावर मी पेन्सिलने दोनच गोष्टी करते: जी ओळ मला डोळ्यांसमोर दिसली तिच्याखाली रेघ, आणि समासात एक प्रश्न. एकच. ५० मुलं, एकेकाला चार मिनिटं म्हटलं तरी २०० मिनिटं होतात, म्हणून मी दिवसाला दहाच कागद घेते आणि आठवडा लावते. ज्यांचे कागद माझ्याकडे नसतात ती चौघा-चौघांचे गट करून एकमेकांना वाचून दाखवतात. ऐकणाऱ्याने 'छान आहे' म्हणायचं नाही. 'मला हे दिसलं' आणि 'इथे मला कळेना' एवढं दोनच सांगायचं.

सुरुवात दुरुस्त करणं सोपं आहे. 'सकाळची वेळ होती. सूर्य उगवला होता. पक्षी किलबिलत होते.' पहिल्या तीन ओळींवर हात ठेवा आणि चौथीपासून वाचा. बहुतेकदा गोष्ट तिथूनच सुरू झालेली असते. पक्षी ठेवायचेच असतील तर कुठले ते सांगावे लागतील. आमच्या खिडकीत कबुतरं आणि कावळे येतात, आणि कबुतरं घुमतात, किलबिलत नाहीत.

शेवटासाठी कागद दुमडायचा. खालून एक ओळ दुमडा आणि गोष्ट वाचा. उभी राहते? आणखी एक दुमडा. गोष्ट कोसळेल तिथे थांबायचं आणि एक ओळ परत उलगडायची. थापीवाल्या गोष्टीचा पहिला शेवट असा होता: पप्पा ३५० रुपये आणून देतात, मुलगी त्यांना मिठी मारते, मी शिकून मोठी ऑफिसर होईन म्हणते, पप्पांच्या डोळ्यांत पाणी येतं. त्याने स्वतः सात ओळी दुमडल्या. मिठी गेली, ऑफिसर गेली, रडणं गेलं. मग कागद उलटा करून मागे चार ओळी नव्या लिहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी विचारते, 'पप्पा, आज कुठल्या साइटवर?' पप्पा एका इमारतीचं नाव सांगतात. ती इमारत दोन वर्षांपूर्वीच पूर्ण झालीय, खिडक्यांना पडदेसुद्धा लागलेत, मुलगी रोज तिच्या खालून जाते. 'मी बरं म्हटलं. पप्पांनी थापी पुसली आणि पिशवीत ठेवली.'

त्याने वाचून दाखवलं तेव्हा लोकल जात नव्हती, तरी वर्ग अर्धा मिनिट गप्प होता.

वेळ कुठून काढायचा असं तुम्ही विचाराल. आठवड्याला एक तासिका, जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, एवढी पुरते. कथालेखन अभ्यासक्रमात आहेच, त्यामुळे मुख्याध्यापकांना वेगळी परवानगी मागावी लागत नाही. लिहिणं वर्गातच करून घ्या, घरी देऊ नका. घरी मोबाइल असतो, आणि मोबाइलवरून उतरवलेली गोष्ट ओळखू येते, कारण तिच्यात ३५० रुपये नसतात. गुण द्यावेच लागले तर शेवटच्या प्रतीला द्या आणि निकष आधी फळ्यावर लिहा: हवं काय ते कळतं का, जागा दिसते का, माणसं आपल्या तोंडाने बोलतात का.

नोव्हेंबरमध्ये आम्ही हस्तलिखित काढतो. ज्यांचं अक्षर चांगलं ती मुलं उतरवतात, ज्यांची चित्रकला चांगली ती नकाशे काढतात, मुखपृष्ठ जाड पुठ्ठ्याचं, शिवण दोऱ्याची. ज्याला नाव नको असेल त्याने नाव द्यायचं नाही. थापीच्या गोष्टीखाली नाव नाही. एक प्रत शाळेच्या वाचनालयात, कार्डासकट, बाकीच्या पुस्तकांसारखीच घरी नेता येईल अशी ठेवायची. दुसरी माझ्या कपाटात. जूनमध्ये नवा वर्ग आला की पहिल्या तासाला त्यातली एक गोष्ट वाचते, पाठकोरे कागद वाटते, आणि विचारते, आज शाळेत येईपर्यंत काय पाहिलंत.